पॅकेजची सही तपासणं: सुरक्षा की नुसता सोपस्कार?

टपरीवरचा टर्मिनल:
काल एका प्रोग्रामचं पॅकेज (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवलं. सूचना अशी, की आधी आमची पब्लिक किल्ली घ्या, मग फाइलची सही तपासा. ('की' लिहिलं की वाक्याचा घोटाळा होतो, म्हणून किल्लीच म्हणतो.) किल्ली त्याच साइटवर, फाइलही त्याच साइटवर. साइट फोडणारा फाइल बदलेल आणि किल्लीला हात लावणार नाही? इतका सज्जन चोर मी पाहिलेला नाही.

रात्रपाळी:
फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट फोडून तिच्या १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा चोरदरवाजा घातलेल्या आयएसओकडे (इन्स्टॉल करायच्या डिस्कफाइलकडे) वळवला होता. साइटच ताब्यात असली की तिच्यावरचा चेकसमही (फाइल जशीच्या तशी आहे का ते जुळवायचा आकडा) बदलता येतो. सही करायला मात्र बनवणाऱ्याकडची खाजगी किल्ली लागते; पब्लिक किल्लीनं ती नुसती तपासता येते. आणि वर्षभरापूर्वी मी उतरवून ठेवलेली पब्लिक किल्ली तुमचा चोर कशी बदलणार? पहिल्या वेळी किल्लीचा ४० अक्षरी ठसा (फिंगरप्रिंट) दुसऱ्या ठिकाणाहून जुळवायचा, एवढंच काम.

टपरीवरचा टर्मिनल:
मग मार्च २०२४ चं एक्सझेड? फाइली दाबून लहान करणारं ते साधन, त्यात चोरदरवाजा निघाला. ५.६.० आणि ५.६.१, दोन्ही आवृत्त्यांवर देखभाल करणाऱ्याचीच अस्सल सही. सही तपासणाऱ्या जीपीजीनं खुशाल 'गुड सिग्नेचर' म्हटलं असतं. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं, तेही एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेला तेव्हा.

रात्रपाळी:
लिफाफ्याची लाख वाटेत फुटली नाही, एवढंच सही सांगते. पत्रात शिव्या निघाल्या तर लाखेला का बोल लावता?

डेबियनची सून:
भांडताय कशाला, दोघंही रोज सही तपासताच! 'एपीटी अपडेट' ही पॅकेजयादी ताजी करणारी आज्ञा आधी रिपॉझिटरीच्या (पॅकेजच्या साठ्याच्या) इनरिलीज फाइलची सही बघते. त्या फाइलीत पॅकेजयादीचा हॅश (चेकसमसारखाच आकडा), यादीत प्रत्येक डेबचा, म्हणजे पॅकेजफाइलचा. घोळ होतो तो बाहेरची रिपॉझिटरी जोडताना. 'नो पबकी' (पब्लिक किल्ली सापडत नाही) दिसलं की लोक कुठलीतरी ओळ डकवतात. जुन्या 'एपीटी-की अ‍ॅड'नं घातलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींना चालायची. म्हणजे एका प्रिंटर ड्रायव्हरवाल्याला अख्ख्या वाड्याची चावी. आता किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून 'साइन्ड-बाय'नं त्या एकाच रिपॉझिटरीला बांधता येते. आमच्याकडच्या एका पोरानं मात्र सरळ 'ट्रस्टेड=येस' (सही न तपासताच विश्वास ठेव) लिहिलं आणि वर सांगतो, "ताई, एरर गेली!"

टपरीवरचा टर्मिनल:
एक्सझेडचा मुद्दा मी सोडत नाही. पण आत्ता सोर्सेसची फाइल (जोडलेल्या रिपॉझिटरींची यादी) उघडून बघितली. 'ट्रस्टेड=येस' दोनदा. त्यातली एक ओळ कशासाठी होती तेही आठवत नाही.