भेगा झाकल्या की बुजवल्या?

सचिव : नमस्कार. आपल्या सोसायटीच्या गच्चीचं काम काल संपलं. ठेकेदाराच्या बिलात 'भेगा झाकणे' असं लिहिलंय. कुणाची हरकत नसेल तर उद्या चेक काढतो.

६०४ : सर, थांबा. ती गच्ची आमच्याच डोक्यावर आहे. झाकल्या म्हणजे काय केलं? बुजवल्या का?

२०१ : ताई, एकच ना ते? पाणी नाही गळलं म्हणजे झालं.

१०३ काकू : एक नाही हो दादा. झाकलं तरी खालची वस्तू जशीच्या तशी राहते. आमटीवर ताटली झाकतो, ताटली काढली की आमटी समोर. उंदराचं बीळ मात्र आपण बुजवतो. मग बीळच उरत नाही. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण झाकण्यावरच तर आहे. लपवणं आणखी निराळं. लपवायला समोर कुणीतरी लागतं. दूध आपण माशी पडू नये म्हणून झाकतो, लपवत नाही. चूकही झाकतात म्हणा, पण ती बहुधा स्वतःची. दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालतात.

५०२ : काकू, अगदी बरोबर. मी सिव्हिल इंजिनिअरिंगमध्येच आहे. काल वर जाऊन पाहिलं, नुसता पांढरा कोट मारलाय. जिन्याच्या खोलीजवळ नखाने खरवडलं तर खाली भेग तशीच. बुजवायची तर आधी छिन्नीने खाच मोठी करायची, धूळ झाडायची, पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल, भरायचं आणि मग कोट. उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकसतो. भेग हलते आणि वरचा कोट फाटतो.

३०४ आजोबा : आमच्या कोकणात पावसाआधी घर शाकारायचे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या कुजल्या असतील तर बदलायच्या, मग परत लावायची. छप्पर झाकलं असं कुणी म्हणत नसे. ताडपत्री टाकली तर झाकलं.

२०१ : पटलं. मी हरकत नाही म्हणणार होतो, आता हरकत आहे.

सचिव : चेक थांबवला. 'भेगा खाच काढून पॉलिमर मॉर्टरने बुजवणे व त्यावर कोट' असं ठेकेदाराला लेखी देतो. ५०२, शनिवारी त्याच्यासमोर वर याल का?

५०२ : येतो. ऊन चढायच्या आत ठेवा.

६०४ : मीपण येते. आमच्या बेडरूमवरची भेग आधी दाखवायची आहे.