शाळेत मास्कसक्ती: पुरावा कितपत आहे? (सांगली)

कृष्णाकाठ:
सर्दी-खोकल्याची साथ आली की आमच्या पालकांच्या ग्रुपवर "मास्क सक्तीचा करा" सुरू होतं. माझा विरोध आहे. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था; तिने २०२३ मध्ये ७८ चाचण्यांचा आढावा घेतला. मास्कमुळे फ्लूसारख्या आजारात बहुधा फारसा फरक पडत नाही, असं त्यात आलं. डेन्मार्कच्या २०२० च्या चाचणीतही मास्क गटात १.८ टक्के लोकांना कोरोनाची लागण, दुसऱ्या गटात २.१. एवढ्यासाठी पोरांना दिवसभर तोंड बांधून बसवायचं?

मिरज-ओपीडी:
त्या ७८ मध्ये हात धुण्याच्याही चाचण्या आहेत. सर्वसामान्य लोकांत सर्जिकल मास्क विरुद्ध बिनमास्क अशा फक्त १०. शिवाय "मास्क निरुपयोगी" हा अर्थ चुकीचा आहे, असं कोक्रेनच्याच मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी मार्च २०२३ मध्ये सांगितलं. डेन्मार्कमध्ये सांगितल्याप्रमाणे मास्क वापरणारे निम्मेही नव्हते. आणि मोजली ती लावणाऱ्याला झालेली लागण. त्याच्यापासून दुसऱ्याला किती झाली, ते त्यात येतच नाही.
बांगलादेशचा अभ्यास बघा. ६०० गावं, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. मास्क वापर १३ वरून ४२ टक्क्यांवरच गेला, तरी सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत, न वाटलेल्या गावांपेक्षा, लक्षणांसह रक्ततपासणीत सापडलेला कोविड ११ टक्के कमी. साठीच्या पुढच्यांत ३५ टक्के. माझ्यासमोर रोज दम्याची म्हातारी माणसं बसतात, मला हा आकडा लहान वाटत नाही.

कृष्णाकाठ:
सर्जिकलचं म्हणताय. कापडी मास्कचा फायदा तिथंही स्पष्ट दिसला नाही, आणि पोरांच्या तोंडावर असतो तो कापडीच. दुसऱ्या तासाला ओला, मधल्या सुट्टीत हनुवटीवर. डबा खाताना सगळे मांडीला मांडी लावून, उघड्या तोंडाने. वरची सगळी चर्चा मोठ्या माणसांची चालली आहे.

हळदपेठ:
मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या वेळी हमाल नाकाला टॉवेल बांधतात. धूळ थोडी अडते, पण श्वास कडेनंच आत जातो. मास्कचंही तेच, नाकाशी फट राहिली की संपलं. नॉर्वेत सर्जिकल मास्क १४ दिवस वापरायला सांगितला, तर श्वसनाची लक्षणं ८.९ टक्के लोकांना, न वापरणाऱ्यांत १२.२. ती लोकांनी स्वतः सांगितलेली, हे खरं. तरी घरात आजारी म्हातारी आई असेल तर मी लावणारच.

मिरज-ओपीडी:
शाळेत सक्ती मीही मागत नाही. पण दवाखान्यात खोकत येणाऱ्याला दारातच सर्जिकल मास्क मिळालाच पाहिजे.

कृष्णाकाठ:
दवाखान्यापुरतं मान्य. शाळेत मात्र आधी वर्गाच्या खिडक्या उघडा, आणि ताप असलेलं पोर घरी राहिलं तर त्याची हजेरी कापू नका. येत्या पालकसभेत मी हेच मांडणार आहे.