रिले ट्रायथलॉनचे 90 किमी आणि पावसाळ्यातली जिम : मदत हवी

घाटवाट
नमस्कार मंडळी. मी चिपळूणची, वय 44, बँकेत नोकरी. सायकलचं वेड लागलं ते कुंभार्ली घाटामुळे. थंडीत रविवारी पहाटे निघायचं, पोफळीला चहा, मग घाट चढून कोयनानगर आणि ऊन तापायच्या आत परत. यंदा नोव्हेंबरात गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ एक अशी ट्रायथलॉन शर्यत) रिलेमध्ये नाव दिलंय. मिरामारला 1.9 किमी पोहणार माझी भाची, शेवटचे 21.1 किमी धावणार धाकटे दीर, आणि मधली 90 किमी सायकल माझ्याकडे.

अडचण पावसाची आहे. इथे जून ते सप्टेंबर घाटात धुकं, दरडी, पाण्याने भरलेले खड्डे आणि त्यातून येणारे ट्रक. ती जोखीम मी घेणार नाही. म्हणून जिम लावली. छोटीच आहे: एक स्पिन बाइक (जागेवरच चालवायची सायकल), लेग प्रेस, स्क्वॉट रॅक, डंबेल्स. ट्रेनर तरुण आहे, मनापासून शिकवतो, पण त्याचं म्हणणं असं की सायकलवाल्यांनी हलकं वजन घेऊन वीस-वीस रेप्स (एकाच हालचालीच्या आवृत्त्या) माराव्यात, जड वजनाने पाय जड होतात. मला हे पटत नाही, कारण घाटात माझा दम संपत नाही, मांड्या संपतात. वरच्या वळणांवर श्वास ठीक असतो आणि पेडल मात्र रेटत नाही.

तर जड वजन उचलावं का? आठवड्यातून किती वेळा? आणि स्पिन बाइकवर नेमकं काय करू? पोहून आलेल्या पोरीची मेहनत मधल्या टप्प्यात वाया जाऊ नये, एवढंच डोक्यात आहे.

सह्याद्रीचा_सायकलवीर
आधी अभिनंदन, ताई! ही रिले म्हणजे ऑलिम्पिकमधली मिश्र रिले नव्हे हे ध्यानात असू द्या. तिथे चौघंही छोटं अंतर पोहतात, सायकल मारतात आणि धावतात. तुमच्याकडे फक्त सायकल, आणि सगळी तयारी त्यावर ठरते. एकट्याने तिन्ही करणारा माणूस पुढच्या धावण्यासाठी पाय राखून ठेवतो. तुम्हाला राखायचं कारण नाही, सायकल स्टँडला लावली की तुमचं काम संपलं. म्हणून त्यांचे तयार प्लॅन जसेच्या तसे घेऊ नका, त्यातला वेग तुमच्यासाठी कमी पडेल.

स्पिन बाइकवर वीस मिनिटांचे दोन टप्पे करा, मध्ये पाच मिनिटं हलकं. जोर इतका की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण वीसही मिनिटं तोच टिकावा. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, 85 ते 95. स्क्रीनवरच्या वॅट्सवर विसंबू नका, प्रत्येक मशीन वेगळं दाखवतं. हृदयाचे ठोके बघा. फ्लायव्हील (मशीनचं फिरतं चाक) जड असल्याने पेडल आपोआप फिरत राहतात, तेव्हा रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) कमी ठेवून नुसते पाय गरगर फिरवण्यात अर्थ नाही. सीटची उंची मात्र घरच्या सायकलवर मोजून तेवढीच लावा, नाहीतर गुडघे बोलायला लागतात.

फिजिओ_कोल्हापूर
घाटवाट, तुमचं निरीक्षण अचूक आहे. दम शिल्लक आणि मांड्या संपल्या, म्हणजे ताकद कमी पडतेय. वीस रेप्सचं काम तुम्ही सायकलवर हजारो वेळा करताच. जिममध्ये तेच परत करून काय मिळणार?

नॉर्वेचे संशोधक बेंट रोनेस्टाड यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. 2011 च्या त्यांच्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या सायकलस्वारांनी नेहमीच्या सायकलिंगसोबत 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजन उचललं. मग त्यांना 185 मिनिटं बेताने सायकल चालवायला लावून शेवटी पाच मिनिटं जीव तोडून मारायला सांगितलं. नुसती सायकल चालवणाऱ्यांपेक्षा वजन उचलणाऱ्यांची त्या पाच मिनिटांतली कामगिरी जास्त सुधारली. तुमचे 90 किमी साधारण याच वेळात बसतील, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

पहिले तीन आठवडे फक्त पद्धत नीट बसवा, दहा रेप्स, वजन मध्यम. मग हळूहळू वजन वाढवत सहा, पुढे चार-पाच रेप्सवर या. स्क्वॉट किंवा लेग प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून कमरेतून झुकत वजन उचलणं), आणि मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचा स्प्लिट स्क्वॉट. हा शेवटचा सोडू नका, सायकलवर एका वेळी एकच पाय जोर लावतो. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, घाई नको. सोबत रोइंग आणि प्लँक, कारण 90 किमी वाकून बसल्यावर मान आणि कंबर आधी बोंबलते.

पाय फुगतील ही भीती सोडा. इतकं सायकलिंग चालू असताना तसं सहसा होत नाही. चाळिशीनंतर स्त्रियांचे स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात, त्यामुळे शर्यत नसती तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. मंगळवार-शुक्रवार ठेवा, रविवारी लांब राइड. ऑक्टोबरात रस्त्यावर उतरलात की जिम आठवड्यातून एकदाच, पण वजन तेवढंच. शेवटच्या दहा दिवसांत पायांना जड काही नको. गुडघ्यात टोचलं तर त्या दिवशी थांबा आणि जवळच्या फिजिओला दाखवा.

मांडवीकाठ
मी पणजीचा. एसीमध्ये तयारी करून येणारे इथे दमटपणात हैराण होतात. नोव्हेंबरातही घाम वाळत नाही. शेवटचे दोन आठवडे तरी जिमचा एसी बंद असेल तेव्हा स्पिन बाइकवर बसा, किंवा दुपारी बाहेर चालवा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. खाण्याचा सरावही स्पिन बाइकवरच करून घ्या: तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, सोबत मीठ असलेलं पाणी. खजूर चालतात का, एनर्जी जेल पचतं का, हे आत्ता कळू दे.

आणखी एक. पोहणारी येईपर्यंत तुम्ही ट्रान्झिशनमध्ये (एक टप्पा संपवून दुसरा सुरू करायची जागा) उभ्या असाल. सायकल आदल्या दिवशीच जमा होते, त्यामुळे वॉर्मअपला ती मिळत नाही. जागच्या जागी स्क्वॉट्स, लंजेस करून पाय गरम ठेवा. वेळ मोजणारी चिप घोट्याला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधलेली असते, ती भाचीच्या पायातून काढून तुमच्या पायात. हेल्मेटचा बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. पुढच्याच्या मागे चिकटून चालवणंही इथे चालत नाही, 12 मीटर अंतर लागतं; ग्रुपमध्ये चालवायची सवय असेल तर रविवारी एकट्याने जा.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, तुमचा प्रतिसाद ट्रेनरला वाचून दाखवला. त्याने रोनेस्टाड यांचं नाव लिहून घेतलं आणि शुक्रवारपासून स्प्लिट स्क्वॉट बसवायला घेतोय. सीटची उंची आज घरी मोजली, जिमची सीट बरीच खाली होती. मांडवीकाठ, चिपचं माहीतच नव्हतं. गणपतीत भाची आणि दीर दोघंही घरी असतात, तेव्हा अंगणात पट्टा बदलण्याचा सराव करून घेऊ. एसी बंद करायचं जिमवाल्यांशी बोलते. सकाळी सहाला कोणी नसतं, तेव्हा जमेल असं वाटतंय.