मदत हवी आहे: घरी बांधलेल्या स्पीकरवर गाणारीचा आवाज पेटीच्या मागे जातोय

नमस्कार. दिवाळीपासून खपून स्पीकरची एक जोडी बांधली आणि आता अडलेय.

आम्ही मिरजेचे. आई काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गायची, अण्णा तिच्या साथीला तबल्यावर असायचे. घरगुती बैठकींच्या तिच्या ११ कॅसेट कपाटात होत्या, त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या. अण्णांना मोबाइलवर ऐकवल्या तर म्हणाले, "डग्गा कुठाय?" मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून डग्गा येणार तरी कसा! म्हणून हा घाट घातला.

खोकी १८ मिमी प्लायची, आतून १५ लिटर, पुढची फळी २२ सेंमी रुंद. साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांसाठी), २५ मिमीचा सिल्क डोम ट्वीटर (वरच्या सुरांसाठी). पुढच्या बाजूला ५ सेंमी आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, लांबी ६ सेंमी (सुतारांकडे तेवढाच तुकडा होता). क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारा फिल्टर, २५०० हर्ट्झला, सेकंड ऑर्डर (दोघांच्याही वाटेत एक कॉइल आणि एक कपॅसिटर). नेटवरच्या गणकयंत्रात दोन्हीकडे ८ ओहम भरले, त्याने ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मिलिहेन्रीची कॉइल सांगितली, तसंच जोडलं. सगळीकडे लाल तार लालला.

आता तक्रार. आईचा आवाज मागे जातो. पेटी स्वच्छ, तबल्याची चाट स्वच्छ, पण बंदिशीचे शब्द भिंतीपलीकडून आल्यासारखे. अण्णा पहिल्याच कॅसेटला म्हणाले, "ही पेटीच्या मागे का बसलीय?" तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. हेडफोनवर तीच फाइल नीट ऐकू येते, म्हणजे दोष रेकॉर्डिंगचा नाही. ॲम्प बदलून पाहिला, फरक नाही. ट्रेबल वाढवला तर 'स' आणि 'श' टोचायला लागले, आवाज मात्र तिथेच.

दुसरं म्हणजे, काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचं काही लावलं की तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालच्या सुराची तार) घुमतो. बाकीच्या तारा त्यात बुडतात.

सतारमेकर गल्लीतले अण्णांचे एक स्नेही येऊन गेले. त्यांनी भोपळा वाजवून पाहावा तसं खोकं बोटाच्या पेराने सगळीकडून वाजवलं आणि बाजूच्या फळीवर मधोमध थांबून म्हणाले, "हे इथं बोलतंय." तिथे आतून आडवी पट्टी मारली. फळी गप्प झाली, पण वरच्या दोन्ही तक्रारी तशाच आहेत. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

ताई, आधी ट्वीटरच्या तारा उलट करा. दोन्ही खोक्यांत, फक्त ट्वीटरच्या.

सेकंड ऑर्डर फिल्टरमध्ये क्रॉसओव्हरपाशी वूफर आणि ट्वीटर यांच्यात १८० अंशांचा फरक पडतो. लालला लाल जोडलं तर नेमक्या त्या पट्ट्यात एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि आवाजाला खड्डा पडतो. तुमचा खड्डा २५०० च्या आसपास असणार. शब्दांची धार तिथेच असते, त्यामुळे गाणारी व्यक्ती मागे सरकल्यासारखी वाटते.

खात्री अशी करा. एकच स्पीकर चालू ठेवा, कान ट्वीटरच्या उंचीवर, अंतर दीड-दोन मीटर. २५०० हर्ट्झच्या आसपासचा गोंगाट (खरखरीची चाचणी-फाइल) हलक्या आवाजात वाजवा. ज्या जोडणीत तो मोठा येईल ती बरोबर. तारा बदलताना ॲम्प बंद ठेवा, आणि ट्वीटर कपॅसिटरशिवाय थेट ॲम्पला लावू नका, जळेल. वूफरची खूण बरोबर आहे ना तेही पाहून घ्या: दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, अधिक टोक लालवर असताना कोन बाहेर यायला हवा.

धागाकर्ती

केलं. गोंगाट चांगलाच वाढला. मग आईची यमनची कॅसेट लावली. शब्द कळतात! अण्णा काही बोलले नाहीत, पण मांडीवर ठेका धरला होता. आवाज अजून जरा पातळ आहे, तिच्या गळ्यात होतं ते वजन नाही. आणि खर्ज घुमतोच.

प्रतिसाद २

खर्जाचं कारण तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे, तो ६ सेंमीचा पाइप. १५ लिटरच्या खोक्यात ५ सेंमी व्यासाचा एवढा आखूड पाइप ६३-६४ हर्ट्झला बोलतो. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झचा. पाइप त्याच्या शेजारीच बसलाय, उचलून धरणारच. साडेपंधरा सेंमी लांब केलात तर सूर ४५ च्या आसपास उतरेल. मागच्या फळीपासून पाइपच्या तोंडाला निदान ५ सेंमी मोकळं सोडा. जागा नसेल तर प्लंबिंगवाल्याकडचा एल्बो (काटकोनी जोड) लावून आत वळवा.

पातळपणाचं कारण वेगळं. २२ सेंमी फळीला साधारण ५२० हर्ट्झच्या वरचा आवाज समोर फेकता येतो, खालचा फळीला वळसा घालून मागेही जातो आणि समोर कमी पडतो. काळी चारचा मध्य षड्ज २०८ आणि तार षड्ज ४१५ हर्ट्झचा. म्हणजे तुमच्या आईंचा मूळ सूर खालच्या बाजूला आणि बरेचसे वरचे स्वरांश वरच्या, फळी समोर फेकते त्या बाजूला. गळ्याचं वजन जातं ते इथे. नुसता ट्वीटर कमी करून हे सुटणार नाही. खर्च न करता आधी एक करून पाहा: स्पीकर मागच्या भिंतीपासून २०-२५ सेंमीवर आणा. नंतर वूफरच्या वाटेत १ मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर ३.३ ओहमचा रेझिस्टर. त्याने वरच्या सुरांत वूफरचा आवाज कमी होतो, तेव्हा ट्वीटरही दोन रेझिस्टर लावून तेवढाच खाली आणावा लागेल. हे आकडे सुरुवातीचे आहेत, पुढचं कानाने ठरवा.

आणि गणकयंत्रातल्या ८ ओहमवर विसंबू नका, वूफरचा रोध सुरानुसार बदलतो. वूफरचा डीसी रोध आणि इंडक्टन्स किती आहे?

धागाकर्ती

कागदावर ६.२ ओहम आणि ०.८ मिलिहेन्री लिहिलंय. पाइप बदलला, एल्बो लावूनच बसला. काल रात्री खर्जामागून जोडीच्या तारा सुट्ट्या ऐकू आल्या, कितीतरी वेळ नुसता तंबोराच ऐकत बसले. स्पीकर भिंतीकडे सरकवल्यावर आवाज भरला, पण पुरेसा नाही. कॉइल विकत घ्यायची की घरी गुंडाळायची?

प्रतिसाद २

घरी गुंडाळता येते, पण मोजायला एलसीआर मीटर हवा. तो नसेल तर हवेच्या गाभ्याची (आत लोखंड नसलेली) तयार घ्या. तुमचा वूफर २५०० हर्ट्झला हिशेबाने १४ ओहमच्या जवळ जातो, त्यामुळे फिल्टर तुम्हाला हवा तिथे कापतच नाही. वूफरच्या दोन टोकांमध्ये ८.२ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर आणि १२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागोमाग जोडून लावा, म्हणजे रोध असा चढणार नाही. हे आधी, फळीची कॉइल नंतर, आणि दर बदलानंतर तीच यमनची कॅसेट. सगळ्या कॉइल एकमेकींशी काटकोनात आणि दूर ठेवा, वूफरच्या लोहचुंबकापासूनही. नवीन जोडणी आधी एकाच खोक्यात करा, दुसरं आहे तसं ठेवा आणि अण्णांना आळीपाळीने दोन्ही ऐकवा.