उत्तर: इगतपुरीचा पाऊस उपग्रहाला का दिसत नाही?

इगतपुरीत धो धो पाऊस असताना इन्सॅट या भारतीय हवामान उपग्रहाच्या नकाशावर तुरळकच दिसतो, अशी तक्रार असते, ती खरी. पण म्हणून उपग्रह कुचकामी ठरत नाही. त्याचा इन्फ्रारेड (उष्णतेचे किरण टिपणारा) चॅनल ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो आणि माथा जितका थंड, तितका पाऊस जास्त असं गृहीत धरतो. घाटावरचे पावसाळी ढग बुटके, माथा उबदार. तिथे अंदाज हमखास कमी येतो. काही उपग्रहांवरच्या मायक्रोवेव्ह (सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या) उपकरणानेही हे पूर्ण सुटत नाही, कारण जमिनीवर पडणारा पाऊस ते मुख्यतः ढगातल्या बर्फावरून ओळखतं. इगतपुरी-त्र्यंबकसाठी पर्जन्यमापकाची जोड हवीच.

अजून एक. वळवाच्या वेळी इन्सॅट-3डीआर (विषुववृत्तावर, 74° पूर्व रेखांशाला) या उपग्रहाचं चित्र पाहत असाल, तर तो तिरका पाहत असल्याने 12 किलोमीटर उंच ढग नाशिकच्या अक्षांशावर सुमारे 5 किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. गावाशी ताडताना तेवढं दक्षिणेला धरा.