जुनी बुलेट: इंजिनचं ऑइल चेनकेसमध्ये येतंय, आधी सील बदलू की पंप बघू?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी १९७४ ची बुलेट ३५०, बिडाचा सिलिंडर, गिअर उजव्या पायाला. वडिलांनी घेतलेली आहे. आता ते चालवत नाहीत, पण रोज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा बघायला येतात आणि ऑइल बोटांवर चोळून वास घेतात.

गळती डावीकडून, चेनकेसखालून (इंजिन ते क्लच या चेनच्या बंद डब्याखालून) आहे. आधी मला कव्हरच्या रबराचाच संशय होता. या कव्हरला मधोमध एकच नट असतो आणि तो पूर्वी कुणीतरी इतका आवळला होता की पत्रा आत दबला होता. कव्हर काचेवर पालथं ठेवलं तर खालच्या कडेखालून पोस्टकार्ड आरपार जात होतं. लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून ती कड सरळ केली, नवं रबर बसवलं, अल्टरनेटरच्या वायरी बाहेर येतात तिथला ग्रोमेटही बदलला. गळती कमी झाली, पण थांबली नाही.

मग चेनकेस पूर्ण रिकामी करून मोजून ४२० मिली ऑइल भरलं. साठेक किलोमीटर फिरवली, चार दिवस उभी ठेवली आणि परत काढून मोजलं, तर ६३० मिली निघालं! पुठ्ठ्यावर सांडलेलं वेगळंच. क्लचही घसरायला लागलाय, तो यामुळेच असावा.

आणखी एक. चार दिवस उभी राहिली की डिपस्टिकच्या टोकालाही ऑइल लागत नाही. पाच मिनिटं इंजिन चालवलं की लेव्हल पुन्हा जागेवर येते. म्हणजे टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळाला, जिथे क्रँक फिरतो) साचतंय, हे मला पटलंय. ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) टोकाचं रबर वाळून कडक झालं होतं, हवा एकाच बाजूने जायला हवी, पण फुंकलं तर दोन्ही बाजूंनी जात होती. तेही नवं टाकलं.

इथले एक मेकॅनिक म्हणतात, इंजिन उतरवून पूर्ण खोला. दुसरे बाहेरून सिलिकॉन लावून द्यायला तयार आहेत. ते मला अजिबात नको. त्याचा तुकडा आत सुटला तर ऑइलची वाटच बंद होईल.

ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा: क्लच, चेन, अल्टरनेटर आणि आतली केस काढली की क्रँकचं डावीकडचं सील (क्रँककेसमधलं ऑइल चेनकेसमध्ये येऊ न देणारं) बाहेरूनच बदलता येतं का, की क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावेच लागतात? आणि पंपाची चकती ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवल्यावर झिरपणं खरंच थांबलं का? क्रँककेस अशीच भरत राहिली तर नवं सीलही तग धरणार नाही, अशी मला भीती वाटते. म्हणून पंप आधी करावा असं माझं मत आहे. चुकत असेन तर सांगा.

मी मिरजेत असतो. सांगली-कोल्हापूर भागात, काम करताना शेजारी बसू देणारे कारागीर कुणाला माहीत असतील तर व्यनि करा. गाडी टेंपोत घालून आणेन.