माझदाचे रोटरी इंजिन : निष्ठा की नाइलाज?

वाटसरू यांचा प्रश्न

गेली सहा वर्षे मी मेलबर्नमध्ये राहतो. येथे माझदाच्या गाड्या प्रत्येक गल्लीत दिसतात. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खपलेली गाडी 'माझदा ३' होती. मी वाढलो साताऱ्यात, आणि तेथे माझदा हे नाव आम्हाला फक्त शाळेच्या बसच्या तोंडावर वाचायला मिळत असे. माझे वडील त्याच बसवर चालक होते. त्यामुळे 'स्वराज माझदा' हे दोन शब्द माझ्यासाठी कंपनीच्या नावापेक्षा जास्त काही आहेत, आणि आता जुनी का होईना पण माझदाचीच गाडी घ्यावी, असे मनात आहे.

इथल्या सहकाऱ्यांशी बोलताना मात्र या कंपनीची दोन अगदी वेगळी चित्रे समोर येतात. काही जण म्हणतात की जपानी कंपन्यांमध्ये खरी अभियंत्यांची कंपनी हीच, कारण साऱ्या जगाने सोडून दिलेले रोटरी इंजिन तिने एकटीने चालते केले. दुसरे म्हणतात की त्याच इंजिनापायी ती बुडायला आली आणि शेवटी अमेरिकी कंपनीच्या दावणीला बांधली गेली. एका लहान शहरातील, बूच बनवण्यापासून सुरुवात केलेल्या कंपनीने असे इंजिन हाती घेतलेच का? ती खरोखर निष्ठा होती, की दुसरा मार्गच नव्हता? आणि आज तिचे जे नाव आहे, ते कितपत खरे धरावे?

धुरा यांचे उत्तर

वाटसरू, मी पुण्यात इंजिनांच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे आणि या कंपनीचा इतिहास आवडीने वाचत आलो आहे. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की तो निर्णय नाइलाजातून झाला आणि निष्ठा नंतर आली. पण ती आली तेव्हा अगदी खरी आली.

कंपनीची स्थापना १९२० मध्ये हिरोशिमा येथे 'तोयो कॉर्क कोग्यो' या नावाने झाली. पुढच्याच वर्षी तिची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. ते कोळी कुटुंबातील होते आणि लहानपणी लोहाराच्या हाताखाली काम शिकले होते, म्हणजे त्यांचा जीव मुळात लोखंडात होता. बुचाच्या धंद्यातून ते यंत्रांकडे वळले, १९२७ मध्ये कंपनीच्या नावातून 'कॉर्क' हा शब्द गेला, आणि १९३१ मध्ये 'माझदा-गो' हा तीनचाकी मालवाहू टेम्पो बाजारात आला. माझदा हे नाव इराणी परंपरेतील ज्ञानाची देवता अहुर मज्द हिच्यावरून घेतले आहे आणि ते मात्सुदा या आडनावाशीही जुळते; जपानी माणूस आजही दोन्हींचा उच्चार एकच करतो. मुंबईतील पारशी मंडळींना हे नाव ऐकून काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पहिली प्रवासी मोटार 'आर ३६०' ही १९६० मध्ये आली, म्हणजे टोयोटा आणि निसान यांच्यापेक्षा फारच उशिरा. नेमक्या त्याच सुमारास जपानचे वाणिज्य व उद्योग मंत्रालय मोटार कंपन्यांची संख्या कमी करून त्यांचे मोजके गट करण्याच्या विचारात होते. परदेशी मोटारींना बाजार खुला झाला तर लहान कंपन्या टिकणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब होता. जुजिरो यांचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. आपली कंपनी मोठ्या कंपनीत विरघळू द्यायची नसेल, तर दुसऱ्या कोणाकडे नसलेली एखादी वस्तू आपल्याकडे असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनासाठी करार केला. याला मी नाइलाज म्हणतो, पण त्यात दूरदृष्टी नव्हती असे मात्र म्हणत नाही.

प्रत्यक्ष इंजिन हातात आल्यावर काय घेतले आहे ते कळले. या इंजिनात वर-खाली होणारे दट्टे नसतात; भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत एक तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, भिंतीला सतत चिकटून घासत राहतात. या पट्ट्या धावता धावता थरथरत आणि गुळगुळीत भिंतीवर ओळीने आडवे चरे पाडत. जपानी अभियंत्यांनी त्या चऱ्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले होते. शिवाय तेल ज्वलनकक्षात शिरून पांढरा धूर निघे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली १९६३ मध्ये स्वतंत्र संशोधन विभाग उभा राहिला. त्यात ४७ जण होते, आणि आपल्या धन्यासाठी प्राण देणाऱ्या जपानी इतिहासातील सत्तेचाळीस रोनिनांवरून (धनी नसलेल्या सामुराईंवरून) लोक त्यांना तेच नाव देऊ लागले. हेच यामामोतो पुढे १९८० च्या दशकात कंपनीचे अध्यक्ष झाले. पट्टीच्या थरथरण्याची स्वाभाविक वारंवारता बदलली तर चरे पडत नाहीत, हे या गटाने शोधून काढले आणि अखेर ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या वापरून १९६७ च्या मे महिन्यात 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आणली. तिचे उत्पादन हजार-बाराशेच्या आतच थांबले, पण तिने काम केले. त्याच वर्षी खुद्द एनएसयूने 'आरओ ८०' ही रोटरी गाडी आणली, तिच्या पट्ट्या लवकर झिजत गेल्या, हमीच्या काळातच इंजिने बदलून द्यावी लागली आणि १९६९ मध्ये ती कंपनी फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. एकाच शोधाने मूळ मालकाचे स्वातंत्र्य घालवले आणि परवाना घेणाऱ्याचे काही काळ राखले, हा या इतिहासातील मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे.

'काही काळ' हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. १९७३ च्या तेलसंकटात हे इंजिन किती पेट्रोल पिते याकडे, विशेषतः अमेरिकेत, सर्वांचे लक्ष गेले आणि मागणी कोसळली. सुमितोमो बँकेने पुढे होऊन कंपनी सावरली, मात्सुदा कुटुंबाची कारभारावरची पकड सुटली, कारखान्यातल्या कामगारांना काढून टाकण्याऐवजी गाड्या विकायला दुकानांत पाठवले गेले आणि १९७९ मध्ये फोर्डने सुमारे एक चतुर्थांश भाग घेतला. ज्या इंजिनाच्या बळावर स्वतंत्र राहायचे होते, त्याच्यामुळेच ते स्वातंत्र्य गेले, हे तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे इथवर खरे आहे. परंतु निष्ठेची कसोटी याच काळात लागली. इंजिन टाकून देणे सर्वांत सोपे असताना यामामोतो यांच्या गटाने त्याचा इंधनखप ४० टक्क्यांनी सुधारण्याचे लक्ष्य ठेवले, त्या कामाला 'फिनिक्स' हे राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले, आणि त्यातूनच १९७८ ची 'आरएक्स-७' ही रोटरी गाडी उभी राहिली.

फोर्डचा भाग १९९६ मध्ये ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस हे जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष झाले. मात्र त्या वेळच्या दुर्दशेचा दोष रोटरीवर टाकता येणार नाही; १९८० च्या दशकाच्या शेवटी कंपनीने जपानमधील आपल्या वेगवेगळ्या विक्रीसाखळ्यांची संख्या पाचपर्यंत वाढवत नेली होती आणि तो पसारा तिला झेपला नाही. २००८ पासून फोर्ड हळूहळू बाहेर पडली.

दीपस्तंभ यांचे उत्तर

धुरा यांनी इंजिनाची बाजू उत्तम मांडली आहे. मी नोकरीनिमित्त चार वर्षे हिरोशिमात होतो, म्हणून त्यांच्या उत्तरात १९३१ नंतर एकदम १९६० येते त्या मधल्या काळाबद्दल लिहितो, कारण तो वगळला तर या कंपनीचा चिवटपणा कळणार नाही.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी सकाळी ते शहरात केस कापायला लवकर गेले आणि लवकर निघाले, म्हणून वाचले. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून पाच-सहा किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी आडवी आल्यामुळे इमारती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. शहराचे शासकीय केंद्र उद्ध्वस्त झाल्याने प्रांताची सरकारी कार्यालये काही महिने याच कारखान्याच्या इमारतीतून चालली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीनचाकी टेम्पोंचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. ज्या शहरात घर उभारायला लाकूड वाहून आणायचे होते, तेथे त्या टेम्पोंचे मोल काय असेल याची कल्पना करून पाहावी.

शहर आणि कंपनी यांचे हे नाते आजही जाणवते. तेथील बेसबॉल संघाचे नाव 'हिरोशिमा तोयो कार्प' आहे आणि त्यातला 'तोयो' हा शब्द माझदाच्या जुन्या नावातला. १९५१ मध्ये हा संघ पैशांअभावी बंद पडणार होता, तेव्हा मैदानाबाहेर साकेची पिंपे ठेवून लोकांनी त्यांत नाणी टाकली आणि तो वाचवला. ज्या शहरातले लोक आपला संघ अशा रीतीने वाचवतात, त्या शहरातली कंपनी मोठ्या कंपनीत विलीन व्हायला का तयार नव्हती, हे मला तेथे राहिल्यावर नीट समजले.

किल्लीपाना यांचे उत्तर

मी सिडनीत गाड्या दुरुस्त करतो, म्हणून प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे वळतो. माझदाचे नाव एकच असले तरी तिच्या रोटरी गाड्या आणि साध्या इंजिनाच्या गाड्या यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे.

रोटरी इंजिनात पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडलेले असते, त्यामुळे तेल कमी होणे हा बिघाड नसून त्याची रचनाच तशी आहे. ते वारंवार तपासले नाही तर इंजिन लवकर संपते. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केले तर ते पेट्रोलने तुंबते. '२००३ ते २०१२' या काळात निघालेली 'आरएक्स-८' जुनी घेणार असाल, तर रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजणाऱ्या खास उपकरणाने तपासणी करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. साध्या मापकाने हे कळत नाही. अमेरिकेत कंपनीने या गाडीच्या इंजिनाची हमी पुढे आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती, यावरूनच अडचण किती खरी होती ते दिसते.

साध्या इंजिनांच्या गाड्यांबद्दल माझे मत चांगले आहे. २०११ च्या सुमारास आलेल्या 'स्कायॲक्टिव्ह' पेट्रोल इंजिनांत सिलिंडरमधील मिश्रण दाबण्याचे प्रमाण १४ ला १ इतके उच्च ठेवले गेले, तोही इतर कंपन्या लहान टर्बो इंजिनांकडे धावत असताना, आणि ती इंजिने टिकाऊ निघाली. पहिल्या पिढीची 'माझदा ३' आणि 'माझदा ६' यांच्या चाकांवरच्या कमानी गंजतात ही तक्रार खरी आहे, पण ती मुख्यतः हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत. मेलबर्नमध्ये तिचा फारसा त्रास नाही. ग्राहकांशी वागणुकीचा विषय निघाला तर हेही सांगितले पाहिजे की २०२१ मध्ये येथील फेडरल न्यायालयाने, परतावा किंवा बदली गाडी मागणाऱ्या नऊ ग्राहकांची त्यांच्या हक्कांबाबत दिशाभूल केल्याबद्दल कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेला दोषी ठरवले होते. २०२४ मध्ये जपानमध्ये चाचण्यांतील अनियमिततेबद्दल ज्या कंपन्यांची नावे पुढे आली, त्यांतही माझदा होती. अभियांत्रिकीवरचे प्रेम खरे असले तरी त्यावरून कंपनीच्या प्रत्येक कृतीला प्रमाणपत्र देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

एक गैरसमजही दूर करतो. १९९१ मध्ये '७८७बी' या चार रोटरच्या गाडीने फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तो पहिला विजय आणि त्यानंतर टोयोटा जिंकायला २०१८ उजाडले. 'रोटरी जिंकली म्हणून तिच्यावर बंदी घातली' असे सर्रास सांगितले जाते, पण साडेतीन लिटरच्या दट्ट्यांच्या इंजिनांचा नियम त्या शर्यतीआधीच ठरलेला होता. शिवाय माझदाला प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरेच कमी वजन, ८३० किलो, चालवण्याची मुभा होती आणि आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या तासांत बंद पडली. तरीही चोवीस तास ते इंजिन कुरकुर न करता धावले, हे कोणी नाकारू शकत नाही.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. साध्या पेट्रोल इंजिनाचीच गाडी बघेन. एवढेच विचारतो, की साताऱ्याच्या त्या बसचा हिरोशिमाशी खरोखर काही संबंध होता, की नुसते नाव विकत घेतले होते?

धुरा

संबंध खरा होता. १९८० च्या दशकात हलक्या मालवाहू गाड्यांसाठी चार जपानी कंपन्या भारतात भागीदारीने आल्या : डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. स्वराज ट्रॅक्टर बनवणाऱ्या पंजाब ट्रॅक्टर्सने माझदा आणि सुमितोमो कॉर्पोरेशन यांच्याबरोबर पंजाबात कारखाना काढला, आणि तंत्र हिरोशिमाचे होते. इकडे टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९८६ मध्ये पुण्यातून '४०७' बाजारात आणली व या चौघांनाही तिच्यासमोर टिकणे जड गेले. स्वराज माझदाने शाळेच्या आणि कंपन्यांच्या लहान बसगाड्यांत आपली जागा राखली. माझदा पुढे भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'एसएमएल इसुझु' झाले, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बसवर जे नाव होते ते नव्या गाड्यांवर आता दिसत नाही. त्या बसमध्ये अर्थात रोटरी नव्हे, साधे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. वडिलांना विचारून पाहा, घाटात तिचा गिअर कसा पडत असे ते आम्हा कोणापेक्षाही त्यांनाच ठाऊक असेल, आणि ते काय सांगतात हे येथे लिहिलेत तर मला वाचायला फार आवडेल.